चौकातून पडद्यापर्यंत

सकाळी ६:१५

रात्रपाळीचा मुलगा बंद कॅमेऱ्यांची यादी पाठवतो ती याच सुमाराला. पुण्यात गणपती तोंडावर आले की ही यादी लांबते. पाऊस असतोच, त्यात मांडवांची खोदाई सुरू होते. यादीत कॅमेऱ्याचा क्रमांक, चौक आणि बंद पडल्याची वेळ एवढंच असतं. मी मात्र आधी कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्याच्या खांबावरच्या पेटीत जो नेटवर्क स्विच बसवलेला असतो, त्याचे शेजारी काय सांगताहेत ते बघतो.

आमचे खांब रिंगमध्ये जोडलेले आहेत. नियंत्रण कक्षातून निघालेली फायबर पहिल्या खांबावर जाते, तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि शेवटच्या खांबावरून पुन्हा कक्षात परत येते. एखादा स्विच गप्प झाला आणि त्याच्या दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी 'पोर्ट डाउन' दाखवलं, तर त्या खांबाची वीज गेलेली असते. स्विच बोलतोय, पण त्याचा एकच पोर्ट पडलाय आणि त्या बाजूच्या शेजाऱ्याचाही समोरचा पोर्ट पडलाय, तर मधली फायबर तुटलेली असते. चहा होईपर्यंत एवढं कळतं, आणि कुठली गाडी कुठे धाडायची ते ठरतं.

आजच्या यादीत बहुतेक नावं विजेची आहेत. एक तक्रार भोसरीच्या कारखान्यातली, वेगळी आलेली. आणि एक गोष्ट यादीत नाहीच: टिळक रस्त्यावरच्या दोन खांबांमधली फायबर रात्री २:४० पासून बंद आहे. यादीत नाही, कारण एकही कॅमेरा बंद पडलेला नाही. एका बाजूची वाट गेल्याबरोबर रिंग उलटी फिरली आणि चित्रं दुसऱ्या बाजूने यायला लागली. नीट जुळवलेल्या रिंगमध्ये हे ५० मिलिसेकंदांच्या आत होतं. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालेला हा बदल दिसत नाही.

म्हणूनच आजचं पहिलं मोठं काम तेच. आता या रिंगला मागे-पुढे कुठेही दुसरा कट बसला, तर दोन कटांच्या मधला प्रत्येक चौक एकदम अंधारात जाईल. आणि या रिंगवर अलका टॉकीज चौक आहे. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक, विसर्जनाचे चारही रस्ते तिथे येऊन मिळतात.

७:३०

गाडी भरताना मी स्वतः उभा राहतो. काच जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनची बॅटरी पूर्ण चार्ज, इलेक्ट्रोड किती आर्क चालले त्याचा आकडा, क्लीव्हरचं पातं, स्लीव्हची पाकिटं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलची बाटली, धागे न सोडणारे वाइप्स, ओटीडीआर, पॉवर मीटर, लाल लेझर पेन. ताडपत्री आणि मोठी छत्री. पावसाचं पाणी मशीनच्या व्ही-ग्रूव्हमध्ये गेलं तर दिवस गेला.

आमच्याकडे आयटीआय झालेली एक मुलगी शिकाऊ म्हणून लागली आहे. तिला मी पहिली गोष्ट शिकवली ती काचेच्या तुकड्यांची: सोललेल्या फायबरचा कापलेला तुकडा जमिनीवर टाकायचा नाही. तो झाकणाच्या डबीत टाकायचा, नाहीतर काळ्या चिकटपट्टीवर चिकटवायचा. बोटात घुसला तर दिसत नाही, काढता येत नाही, आणि त्याच हाताने डोळा चोळला तर डॉक्टरकडे पळावं लागतं. जेवणाचा डबा स्प्लायसिंगच्या टेबलावर कधीच उघडायचा नाही, तेही याच कारणाने.

८:१०

दांडेकर पुलाजवळचा खांब. अपेक्षेप्रमाणे वीज. पेटीत पाल शिरून एमसीबीच्या टर्मिनलवर मेलेली. साफ केलं, ग्लँडमधली फट सिलिकॉनने बुजवली, कॅमेरा आला. शहरातले जे कॅमेरे 'बंद' म्हणून सांगितले जातात, त्यांतला कॅमेरा स्वतः बिघडलेला क्वचितच सापडतो. वीज गेलेली असते, नाहीतर वाट. पण पंचनामा होतो तो कॅमेऱ्याचाच, कारण तो वर दिसतो.

इथेच शिकाऊ मुलीने विचारलं, "दादा, पेटीपासून कॅमेऱ्यापर्यंत साधी नेटवर्कची केबल, आणि पेटीच्या मागे फायबर. सगळीकडे एकच का नाही?"

कारण अंतर. तांब्याच्या नेटवर्क केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याची कोॲक्स तीनशे मीटरच्या आसपास थकायची. पुढे चित्र फिकट, कडा धूसर. कक्ष इथून काही किलोमीटर लांब. शिवाय तांबं वीज वाहतं. एका टोकाची अर्थिंग आणि दुसऱ्या टोकाची अर्थिंग यांत फरक असला की पूर्वी चित्रावर आडवे पट्टे खालून वर सरकत राहायचे. वीज पडली तर त्याच तारेवरून कक्षापर्यंतची यंत्रं जळायची. काचेतून वीज जात नाही. खांबावर वीज कोसळली तर खांबावरची पेटी जाते, कक्ष वाचतो. मात्र केबलभोवती उंदीर-घुशींसाठी पोलादी पत्र्याचं चिलखत असेल तर ते अर्थ करावंच लागतं. ती जागा लोक विसरतात. आणि पुण्यातल्या घुशी बिनचिलखती केबल सोडत नाहीत.

९:२०

टिळक रस्ता. स. प. महाविद्यालयाच्या अलीकडचा खांब. पेटी उघडून पडलेल्या पोर्टचा पॅचकॉर्ड काढला आणि तिथे ओटीडीआर लावला.

हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा अगदी छोटा ठोका सोडतं आणि परत येणारा अंधुक प्रकाश मोजत बसतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. एक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सुमारे दहा मायक्रोसेकंद लागतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ दिसते. जोड आला की छोटी पायरी, कनेक्टर आला की उंच सुळका, आणि तुटलं की रेघ कोसळते. आज ती ६१२ मीटरवर कोसळली.

नवखा माणूस इथून चाकाचं मीटर ढकलत रस्त्यावर ६१२ मीटर मोजत जातो आणि चुकीच्या जागी खणतो. ६१२ मीटर ही काचेची लांबी आहे, रस्त्याची नव्हे. केबलच्या आत नळ्या पीळ घेऊन जातात, म्हणून काच केबलपेक्षा टक्का-दीड टक्का लांब भरते. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये पंधरा-वीस मीटरचं वेटोळं, लूप, ठेवलेलं असतं. रस्त्यावर त्याचं अंतर शून्य.

वाट सापडते ती केबलच्या अंगावर. दर मीटरला तिच्यावर आकडा छापलेला असतो. पेटीत केबल शिरते तिथे ३८७१ वाचला. ६१२ मधून पिळाचे वजा करून ६०३ धरले. म्हणजे कट ४४७४ च्या आसपास. वाटेतल्या चेंबरचं झाकण पहारीने उचललं, पाणी उपसलं, चिखल पुसून केबल वाचली: आत येताना ४४२०, पंधरा मीटरचा लूप, बाहेर पडताना ४४३५. कट या चेंबरच्या पुढे ३९ मीटरवर. टेप धरून आम्ही चालत गेलो, आणि टेप जिथे संपला तिथे मांडवाचा ताजा वासा उभा होता, फुटपाथच्या कडेला, दगडांनी पाचर मारून पक्का केलेला.

१०:३०

मंडळाचे कार्यकर्ते रात्रभर जागलेले. एकाने विचारलं, "दादा, आमच्यामुळे तुटलं का?" मी केबलचा नकाशा मोबाइलवर दाखवला. भांडण्यात अर्थ नव्हता. रस्त्याखाली काय आहे ते त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नाही. लांब पल्ल्याच्या केबलसाठी १६५ सेंटिमीटर खोलीचा दंडक आहे. शहरात पाणी, गॅस, वीज, गटार यांच्या गर्दीत ती खोली मिळत नाही. इथे तर डक्ट हातभर खाली होता, आणि त्यावर इशाऱ्याची पट्टीसुद्धा नव्हती. वरून पहार मारणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. ज्याने हातभर खोलीवर डक्ट पुरून पूर्ण खोलीचं बिल लावलं, तो आज इथे नाही.

खोदाई करणाऱ्याने आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. न विचारता केलेल्या खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. ॲप जेसीबीवाल्या ठेकेदारांसाठी चांगलं आहे. मंडळाच्या पोरांसाठी फुटपाथवर ओढलेली पांढरी रेघ जास्त कामाची.

कार्यकर्त्यांनीच वासा काढून दिला, दोन फूट बाजूला नवा खड्डा घेतला आणि आमच्यासाठी मांडवाच्या ताडपत्रीचं एक टोक सोडलं. त्याखाली टेबल मांडलं.

आता लूपचं महत्त्व. केबल तुटली की दोन्ही टोकं आखूड होतात. चेंबरमध्ये लूप नसेल तर मधे नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे दोन जोड, २४ कोअरच्या, म्हणजे २४ फायबरच्या, केबलला ४८ स्प्लायसेस. लूप असेल तर दोन्ही बाजूंनी केबल ओढून घ्यायची आणि एकाच जोडात काम भागवायचं. या वाटेवर ज्याने कोणी केबल टाकली, त्याने प्रत्येक चेंबरमध्ये इमानाने पंधरा मीटर सोडले होते. डक्ट उथळ घालणारा आणि लूप सोडणारा, दोघे त्याच कामावर असतील. त्या दुसऱ्या माणसामुळे आमचा अर्धा दिवस वाचला.

केबलचं काळं आवरण दीड मीटर सोललं. खाली पोलादी पत्रा, तो कापला. आत धागे, मधोमध ताण घेणारी दांडी, आणि चार नळ्या. नळी कटरने गोल खुणावून ओढली की आतली जेली लागलेली फायबर बाहेर येते. एका नळीत सहा: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी. आमच्या केबलमध्ये रंग नेहमी याच क्रमाने असतात. तोच क्रम पाठ असेल तर काळोखात, पावसातही गोंधळ होत नाही.

शिकाऊ मुलगी पहिल्या नळीच्या निळ्या फायबरला हात घालणार, तेवढ्यात मी थांबवलं. क्रमाने जायचं नाही. आधी बघायचं, कुठल्या कोअरमध्ये आज प्रकाश आहे. आमची रिंग तिसऱ्या नळीच्या हिरव्यावर चालते. स्विचमधली प्रकाश सोडणारी-घेणारी मॉड्यूल, म्हणजे एसएफपी, एकाच कोअरवर जाण्या-येण्याचं काम करतात. एक टोक १३१० नॅनोमीटरवर बोलतं आणि १५५० वर ऐकतं, दुसरं टोक उलट. म्हणून पहिला जोड तिसऱ्या नळीचा हिरवा. बाकीच्या तेवीस थांबतील.

आधी स्लीव्ह ओवली. हे सगळ्यात आधी. जोड झाल्यावर स्लीव्ह घालता येत नाही. मग स्ट्रिपरने रंगाचं आवरण काढलं. उरते १२५ मायक्रॉनची नागडी काच, जाड केसाएवढी, आणि तिच्या मधोमध नऊ मायक्रॉनचा गाभा, ज्यातून चौकाचं चित्र जातं. अल्कोहोलचा वाइप चिमटीत धरून एकदाच ओढायचा; काच स्वच्छ झाली की बारीक किर्रर्र असा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत पुढे जायचं नाही. क्लीव्हरमध्ये ठेवून खाच द्यायची आणि ताणाने तोडायची. कापायची नसते, तुटू द्यायची असते, म्हणजे टोक सपाट येतं. कोन एक अंशापेक्षा जास्त आला की मशीन नापास करतं.

मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं दिसतात, मोठी झालेली, मधे फट. मशीन त्यांना वर-खाली, पुढे-मागे सरकवून गाभ्यासमोर गाभा आणतं. एक हलका आर्क धूळ जाळतो, दुसरा काच वितळवून टोकं एकमेकांत ढकलतो. पडद्यावर फट दिसेनाशी होते आणि आकडा येतो: ०.०१ डीबी. मग मशीन जोड ओढून बघतं, तुटत नाही ना. मग स्लीव्ह जोडावर सरकवून हीटरमध्ये.

"लाइट आलेला दिसतो का आतून?" मुलगी वाकून बघायला लागली, तिचा खांदा धरून मागे केलं. फायबरच्या टोकात डोळा घालायचा नाही. १३१० आणि १५५० दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून पापणीही मिटत नाही. प्रकाश बघायचा तो मीटरवर.

कक्षाला फोन लावला. "पोर्ट अप, साहेब." रिंग जुळली. मग उरलेल्या तेवीस, रांगेने. पाऊस मधे जोरात आला तेव्हा ताडपत्रीवर साचलेलं पाणी एक कार्यकर्ता काठीने ढकलत उभा राहिला, न सांगता. ट्रॅफिकच्या मामांनी एक पट्टी आमच्यासाठी बंद करून दिली. शेवटी सगळे जोड ट्रेमध्ये गोल वळण देऊन बसवले, जोड झाकणाऱ्या क्लोजरची रबरी सील बघून घेतली आणि पेटीतून पुन्हा ओटीडीआर मारला. जोडाच्या जागी पायरी जेमतेम दिसली. दुसऱ्या टोकाकडूनही मारला, कारण दोन बाजूंच्या काचा थोड्या वेगळ्या असतील तर एका बाजूचं मोजमाप फसवतं. दोन्हींची सरासरी हाच खरा लॉस.

२:१५

जेवण, रस्त्यापलीकडच्या खानावळीत. मुलीने विचारलं, ही काच येते कुठून. आपल्याच मराठवाड्यातून, बरीचशी. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला स्टरलाइटचा फायबरचा कारखाना आहे. काचेची जाड कांडी भट्टीत तापवून वरून खाली ओढतात, किलोमीटरच्या किलोमीटर. आपल्या हातातल्या केबलमधली काच तिथलीच असू शकेल, म्हटल्यावर तिने आपल्या बोटांकडे बघितलं. ती जालन्याकडची आहे.

मग तिला चार्ल्स काओंची गोष्ट सांगितली. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच मुळात वाईट नाही, तिच्यातली अशुद्धी प्रकाश खाते. किलोमीटरला २० डीबीपेक्षा कमी लॉस आणता आला तर काचेतून संदेश धाडता येईल. २० डीबी म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरातला एकच भाग प्रकाश उरणार, आणि तेव्हा तेसुद्धा कुणाला शक्य वाटत नव्हतं. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी ते करून दाखवलं. काओंना नोबेल मिळालं २००९ मध्ये. आज १५५० वर किलोमीटरला साधारण ०.२ डीबी जातो. एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग प्रकाश शिल्लक. मंडईपासून कक्षापर्यंतचं अंतर या काचेला काहीच नाही. तिला अडवतात ते आपले हात: घाण कनेक्टर, वाकडा पॅचकॉर्ड, उथळ चर.

३:४०

भोसरी एमआयडीसी. ओतकामाचा कारखाना. भट्टीवर आणि क्रेनवर फिरणारे ॲनालॉग पीटीझेड कॅमेरे आहेत, आणि त्यांना जुने फायबर ट्रान्समीटर-रिसीव्हर. कॅमेऱ्याकडच्या डब्यात बीएनसीने चित्र शिरतं आणि एका कोअरवरून १३१० वर सुरक्षा खोलीत जातं. त्याच कोअरवरून उलट दिशेने १५५० वर कॅमेरा फिरवायचा हुकूम येतो, आणि तो दोन तारांच्या आरएस-४८५ ने कॅमेऱ्याला मिळतो. एका धाग्यावर चित्र जातंय आणि हुकूम येतोय. मला ही रचना अजून देखणी वाटते.

तक्रार: चित्र लख्ख, पण जॉयस्टिक हलवली तरी कॅमेरा फिरत नाही. चित्र येतंय म्हणजे फायबर ठीक. कॅमेऱ्याकडच्या डब्यावर डेटाचा दिवा जॉयस्टिक हलवली की लुकलुकतो, म्हणजे हुकूमही तिथवर पोचतोय. राहिल्या शेवटच्या दोन तारा. काल रंगकामासाठी कोणीतरी पेटी उतरवली होती आणि परत लावताना ए आणि बी उलटे जोडले होते. अदलाबदल केली. कॅमेरा वळला.

कारखान्याचे साहेब म्हणाले, हे सगळं काढून आयपी करावं असं सगळे सांगतात. मी म्हटलं, आज नको. इथे चित्र न दाबता, जसंच्या तसं जातं, म्हणून क्रेनचालकाला वेळेत दिसतं. आयपीत चित्र दाबायचं, पाकिटं करायची, पलीकडे उलगडायचं, यात सेकंदाचा काही भाग जातो. चौकासाठी त्याने फरक पडत नाही, वितळलेल्या लोखंडाची बादली लटकत असताना पडतो. पण सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, तेव्हा पुढच्या मोठ्या बंदीत बदलायची तयारी ठेवा, आणि कमी विलंबाचे कॅमेरे निवडा. फायबर मात्र हीच राहू द्या. सिंगल मोड आहे, पुढच्या दोन पिढ्या यंत्रं बदलली तरी ती बदलावी लागणार नाही.

५:३०

परतीच्या वाटेवर एका उपकेंद्राचा रॅक. तिथला एक दुवा तुटत-जुळत होता. एसएफपीला पोचणारा प्रकाश महिन्यापूर्वी उणे ११ डीबीएम होता, आज उणे २३. आणखी थोडा उतरला की पोर्ट पडणार. १३१० वर मोजलं तर लॉस बेताचा, १५५० वर भरमसाट. दोन तरंगलांबींतला हा फरक सरळ सांगतो की कुठेतरी फायबर वाकली आहे. खराब जोड दोन्हींवर जवळपास सारखाच त्रास देतो. रॅकच्या दाराच्या बिजागरीत पिवळा पॅचकॉर्ड चेपला होता. काढला, नवा लावला, लावण्याआधी टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. नव्या पाकिटातलं होतं तरी कण होता. पुसून लावलं. नवं म्हणून स्वच्छ, असं मानणाऱ्याच्या हातून गाभा कायमचा ओरखडतो.

७:१०

नियंत्रण कक्ष. भिंतभर पडदे. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर. त्यानंतर शहरात कॅमेऱ्यांची मागणी पेटली. आज त्या रस्त्यांवरचे खांब मला तोंडपाठ आहेत.

एक तपास अधिकारी आले होते. टिळक रस्त्यावरून रात्री गाडी चोरीला गेली, वेळ पावणेतीनची. "कॅमेरा चालू होता का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. चालू होता. पहार बसली २:४० ला, रिंग फिरली, चित्र तुटलं नाही. पुढे-मागे करून त्यांना हवी ती पंधरा मिनिटं मिळाली.

मग वेळेचा प्रश्न. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात उमटलेली वेळ खरी कशावरून? ती कॅमेऱ्याची स्वतःची नसते. कक्षातला सर्व्हर याच फायबरवरून प्रत्येक कॅमेऱ्याला वेळ जुळवून देत राहतो. वाट दिवसचे दिवस बंद राहिली तर चित्र कार्डात साठलं तरी घड्याळ भरकटतं. आणि न्यायालयात वेळेवरच सगळं अडतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला आमच्या जालन्याच्या मुलीला ऐकून माहीत होता. २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आधी आले की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर असा पुरावा तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बच्या प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून ते प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसकट. प्रमाणपत्रावर सही कक्षातले साहेब करतात. त्या सहीच्या मागे चौकापासून कक्षापर्यंतचा प्रत्येक जोड उभा असतो, आणि म्हणून मी माझ्या जोडांची नोंद ठेवतो.

८:३०

आज मला नकाशासमोर बसायचंच होतं. सकाळची रिंग वाचली ती नशिबानेही. कागदावर जाणारी वाट एका बाजूने आणि येणारी दुसऱ्या बाजूने आहे. जमिनीखाली एका टप्प्यात, जुन्या कामात, दोन्ही केबल एकाच चरात, एकावर एक घातल्या आहेत. तो टप्पा आजच्या खड्ड्यापासून फार लांब नाही. पहार तिथे बसली असती तर दोन्ही वाटा एकाच घावात गेल्या असत्या आणि अलका चौक गणपतीच्या तोंडावर अंधारला असता. वरून रिंग, खालून एकेरी वाट. याला मी जोखीम म्हणत नाही. ही फसवणूक आहे, ज्याने काम केलं त्याची आणि ज्याने न बघता मोजमाप पास केलं त्याचीही. कॅमेरे किती लावले याचे आकडे जाहीर होतात. दोन वाटा खरोखर वेगळ्या किती आहेत, याचा आकडा कुणी मागत नाही. तो मागितला पाहिजे, करारात लिहिला पाहिजे आणि खणून तपासला पाहिजे.

कायमचा उपाय नवा चर. तो गणपतीआधी होणार नाही. तात्पुरता उपाय सापडला: शास्त्री रस्त्याच्या बाजूने दुसऱ्या रिंगच्या केबलमध्ये दोन कोअर रिकाम्या आहेत. पॉवर मीटरवर बघायला हव्यात, पण नोंदीत लॉस ठीक दिसतो. दोन पॅचकॉर्ड बदलले की परतीची वाट तिकडून वळवता येईल. साहेबांनी परवा रात्री १ ते ३ ची वेळ दिली. नव्या चराचा प्रस्ताव मोजमापांसकट त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, शेवटची ओळ दोनदा वाचली आणि सही करून पुढे पाठवला.

१०:००

नोंद: टिळक रस्ता, जोडाची खोली, केबलवरचे दोन्ही बाजूंचे आकडे, क्लोजरचा प्रकार, चोवीसही कोअरचा दोन्हीकडून मोजलेला लॉस, खड्ड्याचा फोटो दोन कायमच्या खुणांसकट, आणि मागच्या चेंबरमध्ये आता लूप किती उरला: चार मीटर. हा शेवटचा आकडा लाल शाईने, कारण पुढच्या वेळी इथे तुटलं तर नवा तुकडा लागणार आहे.

उद्यासाठी रात्रपाळीला निरोप लिहिला. फक्कीच्या दोन गोण्या गाडीत. सकाळी सहाला टिळक रस्ता आणि लक्ष्मी रस्ता, दोन्हीकडे केबलच्या वाटेवर पांढरी रेघ ओढायची, आणि प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षांना प्रत्यक्ष भेटून ती दाखवायची. मंडळांनी वासे रेघेपासून दोन फूट लांब घ्यावेत. पाऊस पडून रेघ गेली तर दुपारी पुन्हा ओढायची.